वर्षश्राद्धाचे 60 हजार आणि वहिनींची शनिवारची दुपार

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलंय. वडिलांचं वर्षश्राद्ध मार्गशीर्षात येतंय. त्यानिमित्त 60 हजार रुपये सोलापुरातल्याच एखाद्या संस्थेला द्यायचे आहेत. वृद्धाश्रमात एक दिवसाचं जेवण द्यावं, काही वस्तू घेऊन द्याव्यात, की सरळ चेक द्यावा? संस्था खरी आहे हे कळणार कसं? सौभाग्यवती झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाल्यात, त्यांना शनिवारी दुपारी कुठेतरी जाऊन शिकवायचंय. अमेरिकेतला धाकटा भाऊही वाटा उचलणार म्हणतोय. आणि हे सगळं केल्यावर इन्कम टॅक्समध्ये किती सुटतील?

मी सोलापुरातल्या ट्रस्टचे हिशेब बघतो, काही ठिकाणी विश्वस्त म्हणून सहीही करतो. त्यामुळे माझं उत्तर जरा खातेवहीच्या बाजूने येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. जेवण द्यायचंच असेल तर 60 हजारांतले पाच-सहा हजार त्यात घाला. उरलेले संस्थेच्या रोजच्या खर्चाला द्या, आणि एकदम न देता बारा महिन्यांत वाटून द्या. वहिनींनी एकच ठिकाण, एकच वेळ धरावी आणि मार्च-एप्रिलच्या परीक्षा होईपर्यंत सोडू नये. भावाचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे हे विचारल्याशिवाय संस्थेला त्याचा एक रुपयाही देऊ नका. टॅक्सचं सगळ्यात शेवटी बघू.

जेवणाला मी खालचा नंबर का दिला? सोलापूर जिल्हा खाऊ घालण्यात कुणाला हार जाणारा नाही. अक्कलकोटला अन्नछत्र, मठांमधून दासोह, आषाढीत शेगावची पालखी शहरात आली की चौकाचौकात चहा-फराळाचे मंडप. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे वारकऱ्याला घास घालणं हे घराघरातलं वळण आहे. याचाच परिणाम असा की शहरातल्या नावाजलेल्या आश्रमांच्या स्वयंपाकघरातला तिथींचा फळा पितृपक्षात दुहेरी भरलेला असतो. सर्वपित्रीला दोन घरची बासुंदी एकाच दुपारी येते. खाणारे निम्मे मधुमेही. नाही म्हटलं तर देणारा रागावतो, म्हणून संस्थाचालक हसून पातेलं उतरवून घेतात. तोच फळा वैशाखात कोरा असतो. म्हणून तिथीलाच द्यायचं असेल तर फोन करून विचारा, 'त्या दिवशी आणखी कुणाचं आहे का?' असेल तर तुमचं जेवण मे महिन्यात ढकला. वडिलांना त्याने काही कमी पोचणार नाही.

वस्तूंचं म्हणाल तर कुठल्याही वृद्धाश्रमाचं कोठार एकदा उघडायला सांगा. वरच्या फळीवर चादरी, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फाडलेल्या. हे सोलापूर आहे, चादर आणि टॉवेल सोडून दुसरं काही द्यायचं आपल्याला सुचतच नाही. त्याखाली बिस्किटांची खोकी, स्टीलचे पेले, तीन-चार भिंतीवरची घड्याळं. हॉलमध्ये वर बघा, पंख्याच्या प्रत्येक पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' रंगवलेलं. आता त्याच कोठारात मोठ्यांचे डायपर शोधा, हातमोजे, फिनेल, लघवीच्या पिशव्या, रक्तदाबाच्या गोळ्या. सापडले तर चार-आठ दिवसांपुरतेच असतील. अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाला दिवसाला तीन-चार डायपर लागतात. त्यावर नाव रंगवता येत नाही, म्हणून ते कुणी देत नाही. वस्तूच द्यायच्या असतील तर व्यवस्थापकाकडून लेखी यादी घ्या आणि यादीबाहेरची एकही वस्तू नेऊ नका. संकोचाने तो 'काहीही चालेल' म्हणेल. ऐकू नका, यादी लिहूनच घ्या.

खरी ओढाताण असते पगाराची. बहुतेक देणगीदार मला हेच सांगतात, 'आमचा पैसा पगारात जायला नको बघा, गरिबाच्या तोंडात गेला पाहिजे.' ऐकायला बरं वाटतं. पण वृद्धाश्रमात रात्रपाळीला एक मावशी असते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून झोपून असलेल्या आजींची कूस ती दर दोन तासांनी बदलते, ओली चादर काढते, दुसरी घालते, आजोबा अंधारात उठून पडू नयेत म्हणून जागी राहते. तिचा पगार हाच त्या आश्रमातला सगळ्यात उपयोगी खर्च. ती सोडून गेली तर वर सांगितलेल्या चादरी बदलणार कोण? बालगृहातला अधीक्षक, दिव्यांग मुलांच्या शाळेतला थेरपिस्ट, रिक्षावाला काका, सगळ्यांचं तेच. शिवाय विजेचं बिल आहे, इन्व्हर्टरची बॅटरी आहे, आणि आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्यामुळे उन्हाळ्यात टँकर आहे. सरकारी अनुदान ज्यांना आहे त्यांनाही ते वेळेवर मिळेल याचा भरवसा नसतो, आणि पुष्कळांना ते नाहीच.

तुमचे 54 हजार बारा महिन्यांत वाटले तर महिना 4,500 होतात. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा, दर महिन्याच्या 1 तारखेला रक्कम संस्थेच्या खात्यावर जाईल. संस्थेला एक हक्काचा आकडा मिळतो. तुमच्या बाजूनेही एक सोय आहे, ती उघड कुणी बोलत नाही: काम बरोबर वाटलं नाही तर चौथ्या महिन्यात थांबवता येतं. एकरकमी चेक दिल्यावर हातात पावतीशिवाय काही उरत नाही.

'कायमस्वरूपी तिथी' म्हणून एक प्रकार पुष्कळ ठिकाणी असतो. 11 हजार भरा, दरवर्षी तुमच्या तिथीला तुमच्या नावाने पंगत होईल. जरा हिशेब करू. 11 हजारांवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज 770 रुपये. 770 रुपयांत 40 माणसांची पंगत आज तरी कुणाला घालता येईल का? आणि दहा वर्षांनी? म्हणजे तुमच्या वडिलांच्या नावाची पंगत दुसऱ्या कुणाच्या तरी देणगीतून उठणार. संस्थेला हे माहीत असतं, देणाऱ्याने मात्र गणित केलेलं नसतं. वडिलांचं नाव कायम राहावं अशीच इच्छा असेल तर रक्कम मोठी ठेवा आणि ती 'कायम निधी'साठी आहे असं पत्रात स्पष्ट लिहून द्या. मग मुद्दल बँकेत ठेवीतच राहायला हवं, संस्थेने खर्चायचं फक्त व्याज. 60 हजारांचं व्याज वर्षाला चार-सव्वाचार हजार येईल. त्यात एका मुलीचा वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च भागतो. पंगतीपेक्षा हे गणित तरी जुळतं.

आता खरं-खोटं ओळखण्याचं. पावतीवर नोंदणी क्रमांक बघा. आपल्याकडच्या संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या असतात. क्रमांकाआधी एक अक्षर असतं. 'ए' म्हणजे हिंदू धार्मिक, 'ई' म्हणजे शिक्षण-आरोग्य वगैरे कामांचे न्यास, 'एफ' म्हणजे 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली संस्था. पुढे कंसात जिल्हा. हा क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मात्र क्रमांकाने इतकंच कळतं की ही संस्था कधीतरी नोंदली गेली. आज विश्वस्त कोण आहेत हे शेड्यूल वनच्या उताऱ्यावर दिसतं. पुष्कळदा त्या यादीतली निम्मी मंडळी स्वर्गवासी झालेली असतात आणि विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून असतो. नियमाने बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो द्यायचा असतो. एवढ्यावरून संस्था वाईट ठरवू नका. चांगल्या संस्थांचेही कागद आळसाने मागे पडतात. पण विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला की त्या चिडण्यातच काय ते कळतं.

त्यानंतर मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा. शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंद, शेड्यूल नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. घाबरू नका, दोन पानांचा मामला असतो. शेड्यूल नऊमध्ये खाली 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' असा भाग असतो. तिथला आकडा एकूण खर्चाशी ताडून बघा. आस्थापना खर्च मोठा दिसला तर लगेच नाक मुरडू नका, त्यातच मावशीचा पगार घातलेला असू शकतो. लिहिणाऱ्याच्या सवयीप्रमाणे कुठला खर्च कुठल्या शीर्षाखाली जातो ते बदलतं, म्हणून विचारून घ्या. मग ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला या. 'उचल', 'येणे रकमा' या ओळींत एखाद्या विश्वस्ताचं नाव किंवा त्याच्याच दुसऱ्या संस्थेचं नाव दिसलं तर माझ्या लेखी तिथेच थांबावं. 31 मार्चची हातातली रोख शिल्लक बघा. लाख-दीड लाख रोख कपाटात ठेवून कुठला आश्रम चालतो? आणि ठेवी बघा. काही संस्थांकडे कोट्यवधींच्या ठेवी असतात आणि दारात 'सढळ हाताने मदत करा' हा फलक असतो. ते बेकायदेशीर नाही. पण तुमच्या 60 हजारांची गरज तिथे नाही, दोन गल्ल्या पलीकडच्या भाड्याच्या जागेतल्या शाळेला आहे.

कागदांइतकंच महत्त्वाचं म्हणजे साध्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास जाऊन येणं. सण नाही, कार्यक्रम नाही. फोन करून जा, पण दोन तास आधी, आठवडा आधी नको. संडासात पाणी आहे का, आजी-आजोबांची नखं कापलेली आहेत का, व्यवस्थापक त्यांना नावाने हाक मारतो का. नखांवरून मला जितकं कळतं तितकं अहवालाच्या गुळगुळीत कागदावरून कळत नाही.

ज्यांच्यापासून लांब राहावं ते ओळखणं सोपं आहे. दुपारी फोन येतो, 'चार वर्षांच्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन आहे, आजच भरा', आणि क्यूआर कोड कुणा एका माणसाच्या नावाचा. दारावर पावतीपुस्तक घेऊन येणारा मुलगा बहुतेक वेळा जमा रकमेतला हिस्सा घेणारा असतो. त्याला पाणी द्या, पैसे संस्थेच्या खात्यावर द्या. जाता जाता मंडळांचंही सांगतो. उत्सवापुरती वर्गणी गोळा करायलाही याच कायद्याच्या 41सी कलमाखाली परवानगी लागते. पावतीवर तो क्रमांक विचारला की पोरं जरा गांगरतात. विचारायला काही हरकत नाही ओ, पोरं आपलीच आहेत.

बालगृह असेल तर धर्मादाय नोंदणी पुरत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 खाली वेगळी नोंदणी लागते आणि मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने आलेली असावी लागतात. 'आम्ही रस्त्यावरच्या मुलांना असंच आणून ठेवतो' असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मुलांच्याच काळजीने 1098 वर फोन करायला हवा. कितीही प्रेमळ माणसं असोत.

वहिनींकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली खरी मोलाची गोष्ट ती आहे. निवृत्त शिक्षिका शनिवारची दुपार द्यायला तयार असणं हे 60 हजारांपेक्षा दुर्मीळ आहे.

पूर्व भागात जा, किंवा कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत. घराघरात विडी वळणाऱ्या बाया, बहुतेक घरांत तेलुगू. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. सातवी-आठवीतली मुलगी शाळेतून आली की आईजवळ सूप घेऊन बसते, पानं कातरते, दोरा गुंडाळते, आणि माल द्यायचा दिवस असला की शाळाही बुडते. ही मुलगी ढ नसते. अपूर्णांकापर्यंत तिचं गाडं ठीक चालतं. पुढे बीजगणितात शब्दांची उदाहरणं आली की अडतं, कारण घरातली भाषा एक, पुस्तकातली दुसरी. 'एका व्यापाऱ्याने शेकडा 20 नफ्याने' हे वाक्यच तिला उलगडत नाही, गणित दूरच राहिलं. वहिनींनी झेडपीत कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी पोरं शिकवली असणार, त्यांना हे नव्याने सांगायला नको. अशा वस्त्यांत अभ्यासिका किंवा मुलींचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांना आठवी ते दहावीच्या गणिताला माणूस मिळत नाही. गोष्टी सांगायला, चित्रकला घ्यायला, 'व्यक्तिमत्त्व विकास' करायला मात्र कॉलेजची पोरंपोरी दर आठवड्याला नवीन येतात आणि दोन रविवारांनंतर दिसत नाहीत.

म्हणून म्हणालो, परीक्षा होईपर्यंत. मुलं माणसाला लगेच जीव लावतात, बालगृहातली तर जास्तच. ज्यांना एकदा घरच्यांनी सोडलेलं असतं त्यांना दर महिन्याला एक नवीन ताई-दादा येऊन जाणं बाधतं. संस्थेने तुमचा पोलीस पडताळणीचा दाखला मागितला, मुलांसोबत एकटं बसू दिलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. असं विचारणारी संस्थाच चांगली. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, काढलेच तर व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकायचे नाहीत. बाल न्याय अधिनियमाच्या 74 व्या कलमाप्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. नातवाचा वाढदिवस बालगृहात साजरा करण्याची एक पद्धत पडली आहे, तीही मला आवडत नाही. आपलं पोर केक कापतं आणि समोर रांगेत बसलेली पोरं टाळ्या वाजवतात, ज्यांतल्या काहींना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसते.

तुम्हाला स्वतःला शिकवायची आवड नसेल तर कागदपत्रांचं काम धरा. याला स्वयंसेवा म्हणून कुणी मानत नाही, पण संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांचे महिना दीड हजार रुपये कितीतरी म्हाताऱ्यांचे फक्त कागदामुळे अडलेले असतात. आधारवर नाव 'लक्ष्मीबाई', रेशनकार्डावर 'लक्ष्मव्वा', बँकेत 'लक्ष्मी'. उत्पन्नाचा दाखला 21 हजारांच्या आतला हवा, तोही चालू वर्षाचा. दरवर्षी हयातीचा दाखला. आणि सगळं जमवून अंगठा टेकवायची वेळ आली की विडी वळून वळून बोटांच्या रेघाच झिजलेल्या, यंत्र ठसा घेतच नाही. मग ऑपरेटर 'उद्या या' म्हणतो आणि आजी रिक्षाचे पैसे मोजत घरी जाते. तिच्यासोबत एक शांत, लिहिता-वाचता, पँट-शर्टातला माणूस उभा असला की तोच ऑपरेटर डोळ्यांच्या बुबुळाचं यंत्र काढतो. हे योग्य नाही, पण असं आहे. तुम्ही नोकरीत सरकारी पत्रव्यवहार केलेला आहे, अर्जाची पोच कशी घ्यायची हे तुम्हाला ठाऊक आहे. सेतूत आणि तहसीलला महिन्यातून दोन सकाळी चार आजींबरोबर गेलात तर प्रत्येकीला वर्षाचे 18 हजार सुरू होतील. तुमच्या 60 हजारांनी इतकं होणार नाही.

घरात नववीतला नातू-नात असेल तर आणखी एक काम आहे. दमाणी अंधशाळेसारख्या ठिकाणच्या मुलांना परीक्षेला लेखनिक लागतो, आणि दहावीच्या मुलाचा लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणजे तुम्ही-आम्ही चालत नाही. पेपर दोन ते तीन तासांचा, दिव्यांग मुलाला वर जादा वेळ. नातवाला आधी एक-दोन सराव पेपर लिहायला बसवा, कारण दुसऱ्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिणं, आपलं उत्तर मध्ये न घुसवता, हे हुशार पोरांना जास्त अवघड जातं.

बाकीचं पटकन सांगतो. उद्योगवर्धिनीसारख्या बायकांच्या हाताला काम देणाऱ्या संस्थांना देणगीइतकीच ऑर्डर हवी असते. वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांना काही द्यायचं असेल तर कडक भाकरी, शेंगाचटणी, कापडी पिशव्या अशा ठिकाणाहून घ्या. लग्नातलं उरलेलं अन्न आश्रमात पाठवायचं असेल तर पंगत उठायची वाट न बघता आधीच वेगळं काढा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला असतो, शिजवून दोन तास बाहेर राहिलेला मसालेभात आणि पनीर कुणाच्याच पोटाचं भलं करत नाही. रक्तदानाचंही तसंच वेळेचं आहे. नेत्यांच्या वाढदिवसाला आणि जयंत्यांना शिबिरांची झुंबड उडते. साठवलेलं रक्त साधारण 35 ते 42 दिवस टिकतं, प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, आणि थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतंच. तुमच्या मुलाला सांगा, शिबिरात रांग लावू नको, मेमध्ये सरळ दमाणी किंवा हेडगेवार रक्तपेढीत जा. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं. हिमोग्लोबिन किमान 12.5 हवं.

आणि जुने कपडे. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, तेव्हा मदतीला माणसं धावली हे खरंच. पण अशा वेळी गाठोड्यांनी जे येतं त्यात विटलेल्या साड्या आणि एका पायाचे बूट असतात, आणि ज्याच्या गोठ्यात चिखल आणि चारा वाहून गेलेला आहे तो शेतकरी त्या ढिगाकडे बघत उभा राहतो. वापरता येईल असं, धुतलेलं, मापाची चिठ्ठी लावलेलं असेल तरच द्या. नाहीतर भांडीवाली आहेच.

आता भाऊ. तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत कुठल्याही नोंदणीकृत संस्थेला सरळ देऊ शकतो, कायद्याने ते परदेशी योगदान ठरत नाही. संस्थेने पासपोर्टची प्रत मागितली तर द्यावी. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही तो परदेशी स्रोत धरला जातो. मग संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि पैसे तिच्या नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा झाले पाहिजेत. सोलापुरातल्या छोट्या संस्थांकडे ही नोंदणी सहसा नसते. 'मी तुझ्या खात्यावर पाठवतो, तू तुझ्या नावाने दे' हा मार्ग त्याला सुचेलच. टाळा. प्रकरण अंगाशी आलं तर संस्था अडकेलच, तुम्हीही अडकू शकता. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी त्याने व्हिडिओ कॉलवर दहावीच्या मुलींना इंग्रजी बोलायला लावावं, संस्थेतली ताई शेजारी बसलेली असताना. त्याला कुठलीही नोंदणी लागत नाही.

टॅक्सचं थोडक्यात. ज्याला आपण 80जी म्हणतो त्या सवलतीत साधारण ट्रस्टला दिलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, त्यालाही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. नवीन करप्रणालीत ही वजावटच नाही, आणि आता पुष्कळ पेन्शनर नवीन प्रणालीतच आहेत. जुन्या प्रणालीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर 60 हजारांवर 30 हजारांची वजावट, म्हणजे सेस धरून 6,240 रुपये वाचतील. 2,000 च्या वर रोख दिलं तर काही नाही, वस्तू दिल्या तरी काही नाही. नुसती पावती आता पुरत नाही, संस्थेने तुमचा पॅन टाकून विवरण भरावं लागतं आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आजवर त्याला फॉर्म 10बीई म्हणत आले. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा पॅन देताना नवीन प्रमाणपत्र कधी मिळेल हे विचारून ठेवा. 'एक लाखाची पावती देतो, 90 हजार परत घ्या' असं सांगणारा कुणी भेटला तर दारातूनच वाटेला लावा. आता सगळी जुळवणी संगणकावर होते आणि नोटीस तुमच्या नावाने येते.

पहिल्या महिन्याच्या रकमेबरोबर संस्थेला एक साधं पत्र द्या. त्यात एवढंच लिहा: 'माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ दरमहा 4,500 रुपये बारा महिने देत आहे. ही रक्कम संस्थेच्या दैनंदिन खर्चासाठी, कर्मचाऱ्यांच्या पगारासह, वापरावी. फलकावर नाव नको.' पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. संस्थांचे ऑडिट साधारण सप्टेंबरअखेर होतात. पुढच्या ऑक्टोबरात सीमोल्लंघन झालं की जाऊन ताळेबंद मागा आणि मावशी तीच आहे का ते बघा. ताळेबंद द्यायला टाळाटाळ झाली तर बँकेतली सूचना बंद करून त्याच 4,500 रुपयांसाठी दुसरं ठिकाण शोधा.